धुराचा हिशेब आणि मनगट

संयोजकांनी विषय दिला होता 'आरोग्य आणि तंत्रज्ञान'. एवढ्या ऐसपैस विषयावर बोलणाऱ्यांची मला धास्ती वाटते, म्हणून मी तो आवळून आणलाय. माणूस किती सिगरेटी ओढतो हे अंगावरच्या सेन्सरने कसं मोजतात, आणि आपल्या महाराष्ट्रात खरं तर काय मोजायला हवं. दुसरा भाग महत्त्वाचा. तिथपर्यंत पोचलो तर पोचलो.

डॉक्टर विचारतात, "दिवसाला किती?" उत्तर येतं पाच, दहा, नाहीतर वीस. सात म्हणालेला माणूस कुणी पाहिलाय? आमचे नारायण पेठेतले मामा 'पाच'वाले. नोकरी हिशेब तपासायची, त्यामुळे नियम पक्के. दुसऱ्याने दिलेली धरायची नाही, खर्च आपला नाही. दोघांत एक ओढली तर ती पेटवणाऱ्याच्या खात्यावर. मामा अशा वेळी कधीच पेटवायचे नाहीत. अर्धी विझवून खिशात ठेवली आणि दुपारी पुन्हा पेटवली, तर ती 'मागील बाकी'. पावसात भिजून आल्यावरची ती औषधात. मामी म्हणायची, "अहो, मग ताटलीत एवढी थोटकं कशी?" मामा शांतपणे, "त्यात पाहुण्यांची आहेत." पाहुणा म्हणजे मी, तेव्हा चौथीत. आणि गंमत म्हणजे मामा खोटं बोलत नव्हते! त्यांच्या वहीत ताळा जुळत होता. हसताय, पण मागच्या रांगेतले दोघं हसले नाहीत. त्यांची बेरीज चाललीय.

बरं, पाकीट मोजावं म्हटलं, तर आपल्याकडे घेतात सुट्टी. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुट्ट्या सिगरेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. व्याख्यान संपल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर खात्री करून घ्या.

लाळ किंवा लघवी तपासून कोटिनीन मोजता येतं. निकोटिनपासून शरीरात तयार होणारं हे द्रव्य निम्मं व्हायला साधारण सोळा-अठरा तास लागतात. म्हणजे निकोटिन गेलंय एवढं कळतं. जेवणानंतर ओढली की साहेब ओरडल्यावर, ते नाही. दुसरं म्हणजे सिगरेट ओढणारं यंत्र. जुन्या प्रमाणित पद्धतीत ते मिनिटाला एक झुरका घेतं, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. इतका शिस्तीचा ओढणारा मला अजून भेटायचाय. माणूस त्याहून मोठे झुरके घेतो, आणि 'लाइट' सिगरेटच्या फिल्टरवरची बारीक भोकं बोटांनी, ओठांनी दाबली जातात. पाकिटावरचा टार-निकोटिनचा आकडा त्या यंत्राचा असायचा, छाती मात्र तुमची.

म्हणून मनगट. पट्ट्यात हालचालीतले झटके टिपणारा प्रवेगमापक आणि फिरकी मोजणारा जायरोस्कोप. हात तोंडाशी जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हाताच्या या वाटेवरून झुरके ओळखून दाखवले. आता तुम्ही म्हणाल, चहा पितानाही हात तसाच जातो. जातो, पण कप कलवावा लागतो, मनगट वळतं. सिगरेट कलवावी लागत नाही. तरी हिंजवडीत कंपनीबाहेर एका हातात चहा, दुसऱ्यात सिगरेट घेऊन उभी असलेली पोरं बघा, बिचाऱ्या पट्ट्याने काय समजायचं? म्हणून काहींनी श्वासही जोडला. छातीभोवतीच्या पट्ट्यावर झुरका वेगळा दिसतो: आधी तोंडात ओढणं, मग खोल श्वास, मग लांबलेला उच्छ्वास. अलाबामा विद्यापीठात तर लायटरमध्येच सेन्सर बसवला.

आणि मला कधीपासून छळणारी गोष्ट. बहुतेक लोक घड्याळ बांधतात डाव्या मनगटावर आणि सिगरेट धरतात उजव्या हातात! स्मार्टवॉच विकणारे हे ठळक अक्षरात का छापत नाहीत? 'पफमार्कर' नावाच्या २०१५ च्या पद्धतीत दोन्ही मनगटांवर सेन्सर होते. शहाणी माणसं. एका दुकानात मी विचारलं, "उजव्या हातासाठी काय?" मुलगा म्हणाला, "काका, तेच उलटं घाला." अध्यक्ष मघापासून मनगट दाखवताहेत. डावंच आहे, बघून घ्या. पाच मिनिटं द्या.

तर मूळ मुद्दा, धावत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपण परदेशी पट्टा आणून झुरके मोजणार आणि कितीतरी मोठी रांग शेजारून निघून जाणार. त्या रांगेतल्यांच्या तपासणीतही कोटिनीन सापडतं, पण तंबाखू ओढला की चघळला हे ते सांगत नाही.

उलट तंबाखू मळणं सेन्सरसाठी केवढं सोयीचं! डाव्या तळहातावर चुना-तंबाखू, उजव्या अंगठ्याचं घासणं, मग दोन थापा, मग चिमूट ओठाखाली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे डाव्या मनगटावरचं घड्याळही कामाचं. घासण्याची लय आणि थापेचा झटका प्रवेगमापकात उठून दिसायला हवा. इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रकल्प म्हणून घ्यावा, माझं मनगट हजर आहे. मळायला शिकीन, खाणार नाही.

नोंद मात्र ज्याची त्याच्याच फोनवर राहिली पाहिजे. विमा कंपनीला दिसणार म्हटलं की मामा पट्टा काढून पाहुण्याला बांधतील. आणि फोनने 'थांब' म्हणायची सूचना हवी ती पुडी हातात येण्याआधी, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या टपरीजवळ, खाल्ल्यावर नको.

मिश्रीचं अवघड आहे. बोट दातांवर तसंच फिरतं, मंजन लावताना फिरतं तसं. त्या बायका बहुधा घड्याळही घालत नाहीत, आणि त्यांना पट्टा कुठे बांधायचा याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर हात वर करा, कुठलाही चालेल.