सिलिकॉनची अर्धी ट्यूब आणि मामीचा स्क्रू

नमस्कार मंडळी. आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती तुमच्याकडं माळ्यावर नाहीतर जिन्याखालच्या पेटीत नक्की पडलेली असणार. सिलिकॉनची अर्धी वापरलेली ट्यूब. सिंकच्या कडेला, बाथरूमच्या कोपऱ्याला, खिडकीच्या फ्रेमला बोटभर लावली, उरलेली ठेवून दिली, आणि चार महिन्यांनी गनमध्ये, म्हणजे ट्यूब दाबायच्या त्या दांड्याच्या अवजारात, घालून दाबली तर पुढून काहीच येत नाही. साधारण 280 ते 300 मिलीची ट्यूब असते, त्यातली थोडी वापरली की घरातलं काम होऊन जातं, बाकीची दगड होऊन कचऱ्यात. मला ते बघवत नाही खरं सांगायचं तर, पैसे घालून आणलेली वस्तू आहे.

आता एक गोष्ट नीट कानात ठेवा, कारण सगळी गंमत तिथंच आहे. सिलिकॉन उन्हानं वाळत नाही, वाऱ्यानं वाळत नाही. ते ओलीनं घट्ट होतं. ऑइल पेंट वेगळा, फेविकॉल वेगळं, फेविकॉलमधलं पाणी उडून जातं म्हणून ते वाळतं. सिलिकॉनचं बरोबर उलटं, ते हवेतलं पाणी आत ओढून घेतं आणि त्या पाण्यामुळंच त्याचं रबर होतं. लावताना नाकात जातो ना आंबट वास, तो त्याच वेळी सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडचा, व्हिनेगरमध्ये असतं तेच. काही ट्यूबना तसा वास नसतो पण त्याही ओलीनंच घट्ट होतात.

आणि आपल्याकडं ओलीला काय तोटा आहे? जूनपासून सप्टेंबरपर्यंत मीठ बरणीत पाझरतंय, पापड मऊ, काडेपेटी ओढून ओढून पेटत नाही, दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीसुद्धा ओलसर लागते. त्यात बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला जिथं मलप्रभा उगम पावते, तिथल्या घरांत तर विचारायलाच नको.

त्याच बाजूला माझ्या मामांचं घर आहे, आणि ही गोष्ट सांगायचीच म्हणून मी आज बसलोय.

गौरी आवाहनाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. पाऊस धो धो, लाइट गेलेली, दुसऱ्या दिवशी घरात तीस पानं जेवायची. आणि मामीनं स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट उघडलं तर आत पाणी. सिंकच्या कडेचं जुनं सिलिकॉन सुटलं होतं, त्या फटीतून थेंब थेंब खाली, आणि खाली लाडवांचा डबा आणि गूळ ठेवलेला. मामा म्हणाले थांब, माझ्याकडं ट्यूब आहे, आषाढात बाथरूमला लावलेली, अर्धी उरलीय. आणि गेले परसात. परसातनं काय घेऊन आले तर एक पत्र्याचा डबा, त्यात पाणी, आणि पाण्यात ट्यूब उलटी उभी केलेली, नोजल, म्हणजे पुढची निमुळती नळी, खाली.

मी बघतच राहिलो. म्हटलं मामा, पाण्यात का ठेवलीत? म्हणाले, अरे ऑइल पेंटचा ब्रश आपण पाण्यात ठेवत नाही काय, वाळू नये म्हणून, तसंच की हे. बघा, माणूस चुकला नाही विचारात, ब्रशचं त्यांचं अगदी खरं आहे, रात्रभर पाण्यात ठेवला की सकाळी मऊच्या मऊ. पण सिलिकॉनला पाणी म्हणजे त्याचं खाणं. दोन महिने त्याला नुसतं खायला घातलेलं.

मामांनी गनमध्ये घातली, दाबली. काही नाही. अजून जोर लावला. मग दोन्ही हातांनी. आणि मग मागनं, ट्यूबच्या बुडाचा तो जो गोल दट्ट्या असतो त्याच्या कडेनं, पांढरं सिलिकॉन बाहेर यायला लागलं, गनवर, हातावर, लेंग्यावर. म्हणजे आतलं सिलिकॉन मऊ होतं हो! तोंडच तेवढं बंद झालं होतं.

मामी हातात कंदील घेऊन उभी होती. म्हणाली, "वो, जोर कशाला लावालाय, तोंड उघडा की आधी." गन घेतली काढून, मागची पट्टी दाबून दांडा सैल केला, ट्यूब बाहेर काढली, नोजल पिळून मोकळं केलं. मग मामांच्या पेटीतला लाकडात बसवायचा एक जाड लांब स्क्रू घेतला, नोजलच्या रुंद बाजूनं आतल्या रबरात पिळत पिळत घातला, पकडीनं धरला आणि हळूहळू ओढला. आणि मंडळी, आतनं अख्खं पांढरं गाजर बाहेर आलं. खरंच गाजर, खाली निमुळतं, वर जाड, त्याच्या अंगावर नोजलच्या आतल्या रेघासुद्धा उमटलेल्या. ट्यूबच्या गळ्यात थोडा गोळा होता, तोही तसाच स्क्रू फिरवून ओढला, आणि खाली लोण्यासारखं मऊ सिलिकॉन.

मग जुनं सगळं कटरनं खरवडलं, फडक्यानं पुसून पुसून कड कोरडी केली, कारण ओल्या जागेवर सिलिकॉन धरत नाही, आणि एका रेघेत ओढलं. दहा-वीस मिनिटांत वर साय आली, पण आतपर्यंत घट्ट व्हायला 24 तासांत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जातं, म्हणून गौरी आल्या त्या दिवशी सगळी भांडी परसात विहिरीवर घासली. मी पण घासली. घरातल्या बाप्यांनी सणाला भांड्यांना हात लावायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, बायकांनी किती करायचं?

असो. तर ठेवायची कशी. काम झालं की पहिल्यांदा गनचा दाब सोडा, मागची पट्टी दाबून दांडा मागं ओढा, नाहीतर सिलिकॉन आपलं आपण बाहेर येत राहतं. मग नोजलच्या तोंडात एक लांब जाड स्क्रू घाला. खिळा नको, स्क्रू, कारण खिळा नुसता निसटून येतो आणि गोळा आतच राहतो, स्क्रूला आटे असतात त्यामुळं गोळा त्याच्याबरोबर बाहेर येतो. वरून पॉलिथिनचा तुकडा, त्यावर सेलोटेप घट्ट. महिन्याभराच्या वर ठेवायची असेल तर नोजल काढून गळ्यावरच पॉलिथिन ताणून धरा आणि त्याच्यावर नोजल पिळून बसवा. मग ट्यूब झिपच्या पिशवीत, आणि नव्या चपलांच्या खोक्यात ती सिलिका जेलची पुडी येते ना, ती फेकता तुम्ही, ती त्यात टाका. पुडी ओल ओढते. परत सांगतो, ओलीपासून लांब. पाण्यात नको, बाथरूममध्ये नको, मोरीच्या वरच्या फळीवर नको.

ट्यूबवर शेवटची तारीख छापलेली असते तीही बघा, कारण प्लॅस्टिकमधनंसुद्धा ओल हळूहळू आत जाते, न फोडलेली ट्यूबही कायमची टिकत नाही. आणि वापरायच्या, ठेवायच्या सूचना ट्यूबवर असतात पण बहुतेक बारीक इंग्रजीत. आमच्या भागात गवंडी मराठी वाचतो, प्लंबर कन्नड वाचतो, दोघंही मन लावून काम करतात, त्यांना वाचता येईल असं दोन ओळी मराठीत, दोन ओळी कन्नडमध्ये छापायला काय जड जातंय? हे मला फार मनापासून वाटतं.

फेविक्विकचंही तसंच, तेही ओलीनंच धरतं, त्यालाही बंद डब्यात पुडी घालून ठेवा. एम-सीलचे दोन गोळे मात्र एकमेकांना लागले की घट्ट होतात, ते वेगवेगळे गुंडाळून ठेवले की झालं. आणि पीव्हीसी पाइपच्या सोल्यूशनमधलं पातळ उडून जातं, त्याचं झाकण पुसून घट्ट लावा.

मामांची ती ट्यूब मामीनं स्क्रू घालून, पॉलिथिन बांधून तांदळाच्या कोठीवर कोरड्या जागी ठेवली होती. दिवाळीला मी गेलो तेव्हा पुढच्या खोलीच्या खिडकीला लावायची होती. मामांनी पकडीनं स्क्रू धरला, फिरवला, ओढला. नखाएवढा गोळा निघाला, आणि मागोमाग सिलिकॉन.

नमस्कार.