तंतुकणिका, आवळा आणि ४००ची कॅप्सूल

नमस्कार. ठाण्याच्या नौपाड्यात बोलायला मी पहिल्यांदा आलेलो नाही. पण व्याख्यान सुरू होण्यापूर्वीच श्रोत्यांनी विषय हातात आणून ठेवला, असे मात्र आज पहिल्यांदाच घडले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मघाशी श्रीखंडाची रिकामी डबी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "सर, आमच्या ह्यांनी हे रोज घ्यायचं की नाही, तेवढंच सांगा." डबीत ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत, त्या दिवसाला दोन, ई जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटच्या हिरवट, मऊ कॅप्सूल आहेत, आणि कोएन्झाइम क्यू-टेनचे एक पाकीट आहे, ज्यावर मायटोकॉन्ड्रियाचे चकचकीत चित्र छापलेले आहे. यजमान रोज पहाटे उपवन तलावाला चार फेऱ्या मारतात आणि घरी आल्यावर चहाबरोबर हे सगळे घेतात. मी डॉक्टर नाही, जीवरसायनशास्त्र शिकवलेला माणूस आहे. त्यामुळे औषधयोजना सांगणार नाही, पण या डबीतला माल पेशीत शिरल्यावर काय करतो, ते सांगता येईल.

शालेय पुस्तकांत जिला तंतुकणिका म्हणतात, तीच ही मायटोकॉन्ड्रिया. 'पेशीचे ऊर्जाघर' हे आपण सर्वांनी पाठ केले, पण त्या घरात चालते काय, हे बहुतेकांचे राहूनच गेले. भाकरीतून आणि तेलातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातात आणि शेवटी श्वासावाटे आलेल्या ऑक्सिजनच्या पदरात पडतात. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, आणि धरणाचे पाणी सोडून जनित्र फिरवावे तसे ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलनी नाणे, घडवतात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडले तेव्हा फार थोड्यांना पटले. १९७८ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळाले. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी असते फार तर शे-दोनशे ग्रॅम, पण ते मोडून पुन्हा घडवण्याची दिवसभरातली उलाढाल जवळपास आपल्या वजनाइतकी भरते.

आता, हातोहात दिलेल्या मालात थोडी सांडलवंड व्हायचीच. काही इलेक्ट्रॉन वाटेतच ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा आक्रमक रेणू तयार होतो. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये असे मांडले की म्हातारपण म्हणजे अशाच मुक्त मूलकांनी, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनमुळे आक्रमक झालेल्या रेणूंनी, केलेल्या नुकसानीची साठवण होय, आणि १९७२ मध्ये त्यांनी या उपद्रवाचे मूळ तंतुकणिकेतच दाखवले. कल्पना इतकी सुबक होती की पुढची पायरी कोणालाही सुचली असती: ठिणग्यांनी घर जळत असेल, तर पाणी मारा. अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे या ठिणग्या विझवणाऱ्या द्रव्यांचा, सगळा बाजार या एका वाक्यावर उभा राहिला.

वाक्य तपासले गेले, तेव्हा मात्र पंचाईत झाली. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. आणि या डबीत आहे तेवढ्याच, म्हणजे ४०० युनिट ई जीवनसत्त्वाची ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली, तेव्हा २०११ मध्ये पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक निघाला. गाजर वाईट असा याचा अर्थ नाही. गाजरातला रंग वेगळा काढून, कैक पटींनी वाढवून, वर्षानुवर्षे गिळणे ही गाजर खाण्यापेक्षा वेगळीच क्रिया आहे, एवढाच त्याचा अर्थ.

असे का व्हावे? एक तर पेशीने आपला बंदोबस्त स्वतःच केलेला असतो. तंतुकणिकेत सुपरऑक्साइडचा निकाल लावणारे एक विकर (एन्झाइम) मँगनीजवर चालते; त्यातून निघालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी करणाऱ्या विकरांपैकी एकाला सेलेनियम लागते, दुसऱ्याला लोह. ही विकरे एकामागून एक रेणू निकालात काढतात आणि पुन्हा कामाला हजर असतात. गोळीतला रेणू एकदा वापरला गेला की त्याला पुन्हा कामाजोगे करावे लागते. शिवाय क जीवनसत्त्व रोज दोनशे-चारशे मिलिग्रॅमच्या पुढे घेतले, तरी रक्तातली पातळी फारशी वाढत नाही. बरेचसे लघवीवाटे जाते. हजाराच्या डोसाचा पुष्कळसा पैसा आपण अक्षरशः मोरीत ओततो.

पण खरी मेख वेगळीच आहे. या ठिणग्या निव्वळ कचरा नाहीत, तो निरोपही आहे. चढ चढताना स्नायूंत मुक्त मूलके वाढतात, त्यावरून पेशीला कळते की काम वाढले आहे, आणि ती नव्या तंतुकणिका घडवायला घेते, स्वतःची विकरेही वाढवते. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट दिले. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्सुलिनचे काम सुधारले, घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नाही. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत परिणाम इतका ठळक आला असे नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही डबीतल्या मात्रा नेमक्या त्याच आहेत, आणि त्या उपवनच्या चार फेऱ्यांनंतर लगेच घेतल्या जातात! तळ्याकाठी मिळवलेले घरी येऊन चहाबरोबर धुऊन टाकण्याचा हा प्रकार असू शकतो.

क्यू-टेनची गोष्ट थोडी निराळी आहे. फ्रेडरिक क्रेन यांनी १९५७ मध्ये बैलाच्या हृदयातल्या तंतुकणिकांमधून ते वेगळे केले. इलेक्ट्रॉनांच्या साखळीतला तो खराखुरा हमाल आहे आणि शरीर तो स्वतः बनवते. कोलेस्टेरॉल ज्या रासायनिक वाटेने बनते, तीच त्याचीही वाट असल्यामुळे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे, घेणाऱ्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण उतरते. म्हणून पूरक गोळीने स्टॅटिनची स्नायुदुखी थांबते का, तर चाचण्यांचे एकमत नाही. हृदय निकामी होत चाललेल्या ४२० रुग्णांवरच्या २०१४ च्या चाचणीत मात्र दिवसाला ३०० मिलिग्रॅमचा उपयोग दिसला. ते रुग्ण होते. तळ्याला फेऱ्या मारणारे निरोगी गृहस्थ नव्हते. कोणी वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्यू-टेनला हातही लावू नये, कारण त्या औषधाचा परिणाम त्याने घटू शकतो.

मग खायचे काय? प्रश्न पाणी मारण्याचा नसून यंत्राच्या सुट्या भागांचा आहे, असे मी म्हणेन. इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनांत ठिकठिकाणी लोह बसवलेले असते. रायबोफ्लेविन आणि नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वे त्या साखळीला इलेक्ट्रॉन आणून देतात. एटीपी बहुतेक वेळा मॅग्नेशियमचा हात धरूनच कामाला लागते. आपल्याकडे थकव्याचे कारण पुष्कळदा इथेच असते: लोह कमी, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी. जांभळी नाक्यावरून लाल माठाची जुडी, हरभरे, तीळ, शेंगदाणे आणावेत. मासे चालत असतील तर बांगडा आणि तारली आणावी. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत तर उत्तमच, कारण लिंबातले क जीवनसत्त्व वनस्पतींतल्या लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन आतड्यात शोषता येईल अशा रूपात आणते. अँटिऑक्सिडंटचे निःसंशय सिद्ध झालेले काम असे ताटलीतच चालते. आणि त्याच ताटलीबरोबर आपण कडक चहा घेतो, ज्यातली टॅनिने ते लोह पुन्हा अडवतात. चहा तासाभराने घ्या. आवळा जरूर खावा, क जीवनसत्त्वात तो संत्र्याला कितीतरी मागे टाकतो. मोरावळ्यात मात्र साखरही तेवढीच पोटात जाते. डाळिंबातल्या द्रव्यांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन ए बनवतात आणि ते जुन्या तंतुकणिका मोडीत काढायला मदत करते, असे प्रयोगांत दिसले आहे. पण ते बनवणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात, तेव्हा शेजाऱ्याला जो गुण आला तो आपल्याला येईलच असे नाही.

बाई, डबी परत देतो आहे. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल कोणी आणि कशासाठी लिहून दिली होती, ते आधी घरी विचारा; तुमच्याच म्हणण्याप्रमाणे कोणीच लिहून दिलेली नाही. झाकणावर मी पेन्सिलीने दोन तपासण्यांची नावे लिहिली आहेत, हिमोग्लोबिन आणि बी-१२. पुढची गोळी विकत घेण्याआधी तेवढ्या करून घ्या, आणि ते कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.