न ऐकणारे सैन्य : ऐतिहासिक युद्धखेळांतील लढाईविषयी

मित्रहो,

संगणकावरील ऐतिहासिक युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या तक्रारींत एक तक्रार सतत कानावर येते, ती म्हणजे सैन्य सांगितलेले ऐकत नाही. घोडदळ पळत्या शत्रूच्या मागे लागते आणि हाका मारल्या तरी परतत नाही, भालाईत लांब भाले टाकून तलवारी उपसतात, बंदुकधारी पलटण शत्रू समोर आला तरी फैर झाडत नाही. या तक्रारी मला क्षुल्लक वाटत नाहीत. मात्र त्यांत दोन अगदी वेगळे त्रास एकत्र मिसळलेले आहेत, असे मला आज मांडायचे आहे. एक त्रास खेळ घडवणाऱ्यांच्या कारागिरीतील उणिवेतून येतो, दुसरा युद्धाच्या स्वभावातूनच येतो. आणि पहिला दूर करण्याच्या घाईत दुसराही पुसला जातो, तेव्हा खेळातील लढाई सोपी होते, पण तिचा युद्धाशी असलेला संबंध तुटतो.

उदाहरणे मी मुख्यतः ‘टोटल वॉर’ या मालिकेतून घेणार आहे, कारण लढाई मोठ्या प्रमाणावर डोळ्यांसमोर उभी करण्याचा इतका दीर्घ प्रयत्न दुसऱ्या कोणत्याही मालिकेत झालेला नाही. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेने 2000 साली ‘शोगुन’ने तिची सुरुवात केली, आणि 2009 साली आलेल्या ‘एम्पायर’मध्ये तर अठराव्या शतकातील हिंदुस्थानचा नकाशा आणि मराठा राज्यही खेळाडूच्या हाती दिले. रचना साधारण अशी असते की राज्याचा कारभार नकाशावर डाव-प्रतिडावाने चालतो आणि दोन सैन्ये भिडली की पडदा बदलून रणभूमी समोर येते, जिथे काळ सलग वाहतो. मालिकेतील बहुतेक खेळांत प्रत्येक सैन्यात जास्तीत जास्त वीस तुकड्या असतात. प्रत्येक तुकडीला मनोधैर्य असते. बगलेवर किंवा पिछाडीवर हल्ला झाला, शेजारची तुकडी पळाली, सेनापती पडला, की ते खचते आणि शेवटचा माणूस मरण्याच्या कितीतरी आधी तुकडी पाठ फिरवते. ही कल्पना ऐतिहासिकदृष्ट्या अतिशय खरी आहे. जुन्या लढायांत संहार बहुधा पळापळ सुरू झाल्यानंतरच झाला, आणि हे सामान्य खेळाडूला अनुभवातून समजावून देण्याचे श्रेय या मालिकेला दिलेच पाहिजे.

आता कारागिरीतील उणिवांकडे वळू. 2006 सालच्या ‘मिडीव्हल टू’मधील लांब भाल्यांच्या तुकड्या शत्रू जवळ येताच भाले सोडून तलवारीला हात घालत, त्यामुळे ज्या भाल्यांच्या भिंतीपुढे घोडदळ थबकायचे तीच भिंत ऐन वेळी नाहीशी होई. हौशी सुधारणाकारांनी, म्हणजे मॉड करणाऱ्यांनी, यावर साधा उपाय शोधला: तुकड्यांचे वर्णन साठवणाऱ्या मजकुराच्या फाइलमधून त्या भालाईतांची तलवारच काढून टाकली. दुसरे शस्त्रच नसल्यामुळे ते भाला धरून उभे राहू लागले. अशा दोषाचे समर्थन करण्याचे काही कारण नाही. संगणकाकडून खेळणाऱ्या सेनापतीविषयीही असेच म्हणता येईल. या खेळांत काठिण्य वाढवले, की संगणक अधिक कल्पक होण्याऐवजी त्याच्या सैनिकांना लढण्याच्या क्षमतेत किंवा मनोधैर्यात आयती वाढ मिळते. समोरची साधी शेतकरी फौज आपल्या कसलेल्या पायदळाला दाद देत नाही, तेव्हा खेळाडूला जो संताप येतो तो न्याय्य आहे, कारण त्याने बगल साधली, टेकडी धरली, राखीव फौज वेळेवर सोडली, तरी त्या शहाणपणाचे मोल एका अदृश्य आकड्याने कमी केलेले असते.

‘एम्पायर’मधील बंदुकीची कथा मधल्या जातीची आहे. तिथे आरंभी केवळ पुढची रांग गोळीबार करते. मागच्या रांगांना आळीपाळीने फैरी झाडता याव्यात म्हणून संशोधन करून ती कवायत मिळवावी लागते. नळीच्या तोंडात खुपसायच्या संगिनी प्रथम मिळतात, आणि त्या चढवल्या की बंदूक डागता येत नाही. अनेकांना हे बंधन जाचक वाटले. मला ते मोलाचे वाटते, कारण कवायत ही राजसत्तेने पैसा, वेळ आणि शिस्त खर्चून विकत घ्यायची वस्तू होती, हे त्यातून कळते. इब्राहिमखान गारदीच्या पलटणी मराठी सैन्यात इतक्या वेगळ्या का दिसत होत्या, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने कवायत न शिकलेल्या तुकडीची एक लढाई खेळून पाहावी.

खरा वाद आहे तो घोडदळाच्या पाठलागाचा. इसवी सनपूर्व 217 मध्ये राफिया येथे सीरियाचा राजा तिसरा अँटिओकस याने समोरची बगल फोडली आणि तो पळणाऱ्यांच्या मागे इतका दूर गेला, की इकडे मध्यभागी त्याचे पायदळ मोडले तेव्हा तो रणभूमीवर नव्हताच. 14 जून 1645 रोजी इंग्लंडमधील यादवी युद्धात नेझबी येथे राजाच्या बाजूच्या राजपुत्र रूपर्टच्या स्वारांनी शत्रूची बगल उधळली आणि ते थेट त्याच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत जाऊन पोचले. ते परत येईपर्यंत संसदेच्या बाजूच्या क्रॉमवेलने राजाच्या पायदळाचा निकाल लावलेला होता. अठराशेहून अधिक वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत सेनापतीची अडचण एकच आहे: विजयी घोडदळ थांबवता येत नाही. 2017 साली आलेल्या ‘फील्ड ऑफ ग्लोरी टू’ या खेळात ही अडचण मुद्दाम ठेवली आहे. शत्रूची तुकडी मोडली, की आपले स्वार खेळाडूला न विचारता तिच्या मागे जातात आणि पुढचे काही डाव हाताशी नसतात. याविषयी कुरकूर होते. परंतु एकदा ही शक्यता मनात धरली, की कोणते घोडदळ कुठे उभे करायचे, कोणते शेवटपर्यंत राखून ठेवायचे, याचा विचार आपोआप जुन्या सेनापतींसारखा होऊ लागतो.

आज्ञेचेही तसेच आहे. ‘टोटल वॉर’मध्ये खेळाडू आकाशातून सगळे पाहतो, काळ थांबवतो, आणि त्याची आज्ञा त्याच क्षणी मैलभर दूरच्या तुकडीला पोचते. 2010 सालच्या ‘स्कर्ज ऑफ वॉर : गेटिसबर्ग’ या खेळात, आपण निवडल्यास, नजर सेनापतीच्या घोड्यापाशीच बांधली जाते आणि हुकूम घेऊन स्वार दौडत जातो, तो वाटेत मारलाही जाऊ शकतो. हुकूम पोचेपर्यंत परिस्थिती पालटलेली असते. हा त्रास मोठा आहे, आणि तो सोसल्याशिवाय अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईत, 1863 सालच्या त्या तीन दिवसांत, इतके घोटाळे का झाले हे कळत नाही. असा खेळ सर्वांना रुचणार नाही हे मला मान्य आहे. तरी तो पर्याय म्हणून उपलब्ध असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

याहून मोठी उणीव मात्र तक्रारींत क्वचितच ऐकू येते, कारण ती रणभूमीवर दिसतच नाही. पडदा बदलून लढाई सुरू झाली, की आदल्या दिवसापर्यंतचे जवळजवळ सगळे पुसले जाते. सैन्य उपाशी आहे का, पाणी कुठे आहे, जनावरे चालू शकतात का, याचा लढाईला पत्ता नसतो. 1728 सालची पालखेडची मोहीम घ्या. निजाम पुण्यापर्यंत आला असता पहिल्या बाजीरावाने पुण्याच्या बचावाला धावत न येता त्याच्याच मुलखात धुमाकूळ घातला, त्याला मागे खेचले, जड तोफखान्यापासून तोडले, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला पाण्याविना कोंडले. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य झाला. मोठी समोरासमोरची लढाई झालीच नाही. ‘एम्पायर’मध्ये मराठा राज्य घेऊन बसलेला खेळाडू शत्रूची शेते आणि गावे जाळू शकतो, त्याचे उत्पन्नही घटते, पण शत्रूच्या छावणीतील पखाली रिकाम्या होत नाहीत. म्हणून मराठ्यांच्या हाती मराठ्यांचे मुख्य शस्त्रच राहत नाही आणि त्यांनाही युरोपीय पलटणींसारखे रांगा लावून उभे राहावे लागते.

याउलट स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सने 2013 साली काढलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस फोर’मध्ये मुलखाची सैन्य पोसण्याची मर्यादा आहे, उपासमारीने माणसे गळतात, मात्र प्रत्यक्ष लढाई शून्य ते नऊ आकड्यांच्या फाशांवर चालते आणि खेळाडू ती नुसती पाहत बसतो. एकाकडे मोहीम आहे, दुसऱ्याकडे रणांगण. 2019 सालच्या ‘थ्री किंगडम्स’मध्ये ‘टोटल वॉर’ने सैन्याला रसदेचा साठा दिला, जो परमुलखात संपत जातो आणि तो संपला की सैन्य गळू लागते. हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे, आणि त्यालाही ‘कटकट’ म्हणणारे निघाले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

14 जानेवारी 1761 च्या पानिपतचा विचार करा. नुसत्या रणभूमीचा खेळ केला तर ती सकाळी सुरू होऊन दुपारनंतर संपणारी, बरीचशी तुल्यबळ लढाई ठरेल. ती खरी करायची असेल तर ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दक्षिणेची वाट अडवली तेव्हापासून खेळ सुरू करावा लागेल. लढवय्यांच्या जोडीला बुणगे आणि यात्रेकरू पोसावे लागतील. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर धान्य कसे आटले ते सोसावे लागेल, आणि त्या भुकेल्या सैन्याचे मनोधैर्य घेऊनच गोल बांधून बाहेर पडावे लागेल. मग विंचूरकर आणि गायकवाड यांचे स्वार गोल सोडून पुढे धावतील, भाऊंचा हुकूम त्यांना थोपवू शकणार नाही, विश्वासरावांना गोळी लागेल आणि सगळी फळी खचेल. या प्रसंगी खेळाडूला होणारा त्रास कोणत्याही पॅचने, म्हणजे खेळात मागाहून केलेल्या दुरुस्तीने, दूर करू नये, इतकीच मागणी मी खेळ घडवणाऱ्यांपुढे ठेवतो. भालाईताच्या हातातला भाला मात्र त्यांनी अवश्य नीट करावा, आणि कठीण पातळीवर संगणकाला आयते बळ देण्याऐवजी आमची बगल शोधायला शिकवावे.