दाराच्या चौकटीतली डबी

(दृश्य : अंधारी खोली. दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची पांढरी डबी.)

चौकटीवर घराच्या चोर-अलार्मची ही छोटी डबी, आणि तिच्यासमोर दाराच्या फळीवर एक चुंबक. डबीच्या आत काचेची बारीक नळी असते, नळीत धातूच्या दोन पातळ पात्या. चुंबक जवळ आहे तोवर पात्या एकमेकींना चिकटलेल्या राहतात आणि त्यांच्यातून वीज वाहते. दार उघडलं, चुंबक सरकलं, पात्या सुटल्या. हा रीड स्विच.

डबीतून निघालेली तार जिथे पोचते ती पेटी म्हणजे कंट्रोल पॅनेल. पॅनेलला चोर दिसत नाही. मघाशी वीज येत होती, आता येत नाही, एवढंच त्याला कळतं. अलार्मच्या भाषेतले बहुतेक शब्द या एवढ्याशा कळण्याभोवती जमलेले आहेत.

'नॉर्मली क्लोज्ड' हा त्यातला पहिला. ऐकणाऱ्याला वाटतं, बंद दाराबद्दल बोलणं चाललंय. बोलणं असतं सर्किटबद्दल : सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं. १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप यांनी विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं, तेव्हा रचना उलटी होती. दार उघडलं की सर्किट जोडलं जाई आणि घंटा वाजे. पण अशा सर्किटची तार आधीच कापून ठेवली, तर घंटा गप्पच राहणार. जोडलेल्या सर्किटची तार कापा, पॅनेलच्या लेखी दारच उघडलं.

(दृश्य : दोन तारा, त्यांच्या टोकाला रंगीत पट्ट्यांचा इवलासा रेझिस्टर.)

मग कुणी तार न कापता दोन्ही तारा मध्येच एकमेकींना जोडल्या तर? वीज वाहत राहील, दार उघडलं तरीही. यावरचा उपाय हा, 'एंड ऑफ लाइन रेझिस्टर'. या सगळ्या विद्येतली मला सर्वांत आवडणारी वस्तू. तारेच्या पार टोकाला, सेन्सरच्या म्हणजे इथे त्या डबीच्या आत तो बसवतात. पॅनेल त्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सतत मोजतं. तारा जोडल्या तर रोध जवळजवळ शून्यावर येतो, कापल्या तर मोजण्यापलीकडे जातो. ठरलेलाच आकडा दिसला तर पॅनेल शांत. नाव सांगतं तसा तो टोकालाच हवा. घाईच्या कामात तो पॅनेलच्या पेटीतच लावला जातो. मग पुढची सगळी तार पुन्हा बेवारस. बसवणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारा : रेझिस्टर कुठल्या टोकाला आहे?

खोलीच्या कोपऱ्यातला सेन्सर म्हणजे पीआयआर, पॅसिव्ह इन्फ्रारेड. पॅसिव्ह, कारण तो स्वतः काहीच सोडत नाही; समोरून येणारी उष्णतेची किरणं तेवढी टिपतो. पुढची खाचांची भिंगं खोलीचे पट्टे पाडतात. ऊबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सर जागा होतो. म्हणून आडवं चालणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ त्याच्याकडे येणारा उशिरा. आणि खिडकीची काच ही किरणं अडवते, त्यामुळे बाहेरच्या अंगणावर नजर ठेवायला त्याला काचेआड बसवून उपयोग नाही.

(दृश्य : कीपॅडवर बोटं. आकडे उजळतात.)

आर्म करणं म्हणजे पहारा सुरू करणं. 'अवे'मध्ये सगळं घर पहाऱ्यावर. 'स्टे'मध्ये फक्त दारं-खिडक्या. आतले सेन्सर झोपलेले, म्हणजे रात्री पाणी प्यायला उठता येतं. डिसआर्म म्हणजे मात्र बंद नव्हे. धूर, पॅनिक बटण आणि कुणी डबी उघडली तर ओरडणारा टॅम्पर, हे 'चोवीस तास' झोनमध्ये असतात आणि तसेच जागे राहतात. (झोन म्हणजे पॅनेल वेगळा ओळखतं असा एक सेन्सर किंवा सेन्सरांचा गट.)

दारातून आत आल्यावर कोड दाबायला मिळणारे काही सेकंद, तो एन्ट्री डिले. त्याच्याशी जोडलेला 'फॉलोअर' झोन फारसा कुणी समजावून सांगत नाही. दार आधी उघडलं आणि मग दिवाणखान्यात हालचाल झाली, तर पॅनेल वाट बघतं : घरचं माणूस असेल. दार न उघडताच दिवाणखान्यात कुणी हललं, तर सायरन त्याच क्षणी. सेन्सर तोच, हालचाल तीच. आधी काय घडलं यावर अर्थ ठरतो.

बायपासबद्दल थोडक्यात. बिघडलेला झोन तेवढ्यापुरता वगळणं, एवढाच त्याचा अर्थ. काही पॅनेल पुढच्या वेळी तो आपोआप परत घेतात, काही घेत नाहीत. आपलं कुठलं, ते माहीत करून घ्या.

(दृश्य : तेच कीपॅड. या वेळी बोटं थरथरतात. मागे एक सावली.)

शेवटचा शब्द, ड्युरेस कोड. कुणी धमकावून अलार्म बंद करायला लावलं, तर दाबायचा वेगळा आकडा. कीपॅडवर नेहमीसारखंच 'डिसआर्म' उमटतं. सायरन गप्प. सावलीला काहीही वेगळं दिसत नाही.

दूरवरच्या मॉनिटरिंग केंद्रात, 'कॉन्टॅक्ट आयडी' या संकेतभाषेत, घरफोडीचा आकडा १३० आहे. आत्ता तिथल्या पडद्यावर आलेला आकडा आहे १२१. धाकाखाली दाबलेला कोड. समोरच्या माणसाने फोन उचलला आहे.