साहित्य सुस्थितीत

अध्यक्ष महाशय आणि जमलेले सगळे, पत्रिकेत माझा विषय ‘उद्याची शाळा’ असा छापलाय. उद्याकडे येतोच. आधी एका कपाटापाशी थांबू.

मी पहिलीच्या वर्गावर होतो तेव्हाची गोष्ट. शाळेला गणिताची पेटी आली. मणी, ठोकळे, खोट्या नोटा, सगळं झकास. मुख्याध्यापकांनी पेटीवर नंबर घातला, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे मोजून सांभाळायच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद केली आणि पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. मी म्हटलं, “सर, मणी पोरांना देऊ या की.” ते म्हणाले, “शंभर आहेत. नव्याण्णव भरले तर पैसे तुम्ही देणार?” माणूस वाईट नव्हता हो. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं. चार्ज देताना मणी कमी भरला तर पेन्शनचे कागद अडतील, ही धास्ती. (हसताहेत ते सगळे मास्तर, ओळखलं मी.)

मग मी पोरांना चिंचोके आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी खिसे भरभरून आले. दहा-दहाचे ढीग लावले. एकाच्या ढिगात नऊच. म्हटलं, एक कुठंय रे? तर म्हणाला, “गुरुजी, भाजलेला होता. खाल्ला.” वजाबाकी मी त्या दिवशी शिकवलीच नाही, ती झालीच!

आठवड्याने तपासणी. साहेबांनी विचारलं, “शैक्षणिक साहित्य?” मी ढिगांकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, “आधी हा कचरा काढा.” मग कपाट उघडलं, पेटीचं सीलसुद्धा शाबूत. शेरा आला: ‘साहित्य सुस्थितीत.’

आता हे नुसतं गाऱ्हाणं नाही. मॉन्टेसरी पद्धत म्हणजे लहान मुलांनी वस्तू हाताळत शिकायचं, पण तिची साधनं महागडी, घडवून घेतलेली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढतात, सोबतीला त्यांच्या सहकारी अनुताई वाघ, आणि विचार करतात की खेड्यातल्या बालवाडीला हे परवडणार कसं? म्हणून शिंपले, बिया, काड्या, पानं. आपण याला काटकसर म्हणतो आणि तिथंच चुकतो. बी हरवली तर पोर दुसरी शोधून आणतं, आणि शोधताना झाड ओळखतं. ज्याची हरवायची भीती नाही तेच साधन पोराच्या हाती पडतं. माझं सगळं म्हणणं एवढंच...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर उद्याची शाळा. साधनांसारखंच शाळेच्या जागेचं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई-अनुताईंनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. त्याआधी, 1957 साली, ताराबाईंचं काम बोर्डीहून त्याच तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायची. मग शाळा गुरांमागे कुरणात. कुरणशाळा! गैरहजेरीचा प्रश्न शाळेनं स्वतः चालत जाऊन सोडवला.

आपल्याकडे ऊसतोडीला दिवाळीच्या आसपास अख्खं घर निघतं, आणि हजेरीपटावर पोराच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात. या पोरांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहंही. त्यावर बोलायला वेगळा दिवस लागेल. माझी मागणी दोनच गोष्टींची. पहिलीच्या वर्गातलं साहित्य डेडस्टॉकमधून काढा, खडूसारखं संपणारं म्हणून लिहा. आणि शाळेची वेळ, सुट्टी गावाच्या कामावर बेतायचा अधिकार गावाला द्या.

मघाशी पुढच्या रांगेत दिलेली चिंचोक्यांची पिशवी मागपर्यंत पोचली का? मोजून दिलेली नाही.