ठाण्याच्या बाल्कनीत यलो टॉवर कॅक्टसला फुलं कशी आणायची

नमस्कार मंडळी! आज ह्या पिवळ्या काट्यांच्या उभ्या कॅक्टसबद्दल बोलूया, नर्सरीवाले ह्याला यलो टॉवर म्हणतात, शास्त्रीय नाव पारोडिया लेनिंगहाउसी. घोडबंदर रोडवरनं लोक हौसेनी आणतात, जुलैत तो बुडापासून मऊ पडतो आणि मग म्हणतात ठाण्याच्या हवेत कॅक्टस जगतच नाही. जगतो हो, फुलतोसुद्धा!

मुळात हा वाळवंटातला नाहीच. हा दक्षिण ब्राझीलचा, तिकडे पाऊस चांगला पडतो पण हा वाढतो खडकाळ कड्यांवर, म्हणजे पाणी आलं की वाहून गेलं, मुळाशी थांबायला जागाच नाही. आपल्याकडे नर्सरीतली कुंडी बहुतेक कोकोपीटनी, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या नारळाच्या काथ्याच्या भुशानी भरलेली, त्यात पावसाळ्याची दमट हवा, ती आतून वाळतच नाही आणि मुळं कुजतात. त्यामुळे आणल्यावर आधी माती बदला. निम्म्याहून जास्त बारीक खडी, विटांचे तुकडे किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र दगड), बाकी लाल माती आणि थोडंसं गांडूळखत. कुंडी मातीची, लहानच.

जून ते सप्टेंबर कुंडी ग्रिलच्या आत, पाऊस लागणार नाही पण उजेड भरपूर मिळेल अशी. उजेड कमी पडला की शेंडा बारीक, फिकट होतो आणि तो भाग नंतर कितीही ऊन दिलंत तरी जाड होत नाही. पावसाळा संपला की उन्हाची सवय हळूहळू लावा, एकदम काढलंत तर भाजल्याचे डाग पडतात, ते कायमचे.

आणि हो, नर्सरीत कॅक्टसवर कागदासारखी रंगीत फुलं दिसली तर त्यांच्या बुडाशी नीट बघा. बरेचदा सुकी फुलं हॉट ग्लूनी चिकटवलेली असतात, तेही वाढीच्या शेंड्यावरच! मला हे अजिबात पटत नाही, झाडाला इजा होते.

ह्याची खरी फुलं पिवळी, रेशमी, शेंड्यावर येणारी. पण झाड साधारण वीतभर उंच झाल्याशिवाय येत नाहीत, तेव्हा छोट्या रोपाला खतं घालत बसू नका. मोठ्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद, ऊन मात्र भरपूर, कारण आपली थंडी ती केवढीशी, विश्रांती मिळणार ती कोरडं ठेवूनच. फेब्रुवारीअखेर पाणी सुरू करा, सोबत पोटॅश जास्त नि नत्र कमी असलेलं खत, अगदी पातळ करून. शेंड्यावरच्या लोकरीतनं (तिथल्या पांढऱ्या मऊ लवेतनं) कळ्या वर येतात, पण त्याच लोकरीत पिठ्या ढेकूण (मिलीबग ही कीड) पण लपतो, तो फारसा हलत नाही, लोकरीसारखाच दिसतो, तेव्हा काडीनं हळूच बाजूला करून बघा. आणि कळ्या दिसल्या की कुंडीची जागा बदलू नका, कळ्या गळतात.