रस्त्याच्या कडेची हवा

श्रोतेहो, नमस्कार.

हिवाळा लागला की पुण्यात बरेच जण सकाळी मोबाईलवर हवेचा निर्देशांक बघतात. आकडा बरा असला की निर्धास्त होतात. तो आकडा उपयोगाचा आहेच. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘सफर’ ही यंत्रणा 2013 साली पुण्यासाठी सुरू केली, तेव्हापासून तो आपल्याला रोज मिळतो. पण तो आकडा परिसराचा असतो. संध्याकाळी सात वाजता स्वारगेटच्या सिग्नलला बसच्या मागे स्कूटरवर थांबलेल्या माणसाच्या नाकात जाते ती हवा वेगळी.

गाड्यांचा धूर रस्त्याच्या कडेला सगळ्यात दाट असतो. तिथून दोनतीनशे मीटर आत गेलं की तो बराच विरळ होतो. म्हणजे एकाच सोसायटीत रस्त्याकडेच्या इमारतीतला दुसरा मजला आणि मागच्या इमारतीतला दुसरा मजला, पत्ता एक असला तरी श्वास एक नसतो. त्यात थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे धूर वर चढत नाही. पुणं बसलंय डोंगरांच्या मधे, खोलगट जागी. सकाळी आणि संध्याकाळी, नेमक्या गर्दीच्या वेळी, तो रस्त्यावरच रेंगाळतो.

या धुरात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण असतात, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान. जाड धूळ नाकात, घशात अडकते. हे कण थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. जोडीला नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू असतो, तो श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो. सुजलेली नलिका मग कशानंही चिडते: गार वारा, उदबत्ती, फोडणीचा ठसका. पेशंट म्हणतो, “डॉक्टर, मला उदबत्तीची ॲलर्जी झालीय.” उदबत्ती कारण ठरते खरी, पण नलिका आधीच हुळहुळी झालेली असते.

लंडनमध्ये एक साधा आणि फार बोलका प्रयोग झाला, 2007 साली तो प्रसिद्ध झाला. दम्याच्या साठ रुग्णांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून दोन तास चालवलं आणि एकदा जवळच्याच हाइड पार्कमधून. त्या रस्त्यावर गर्दी होती ती मुख्यतः डिझेलच्या बस आणि टॅक्सींची. रस्त्यावरून चालल्यावर त्यांची फुंकर मारण्याची ताकद बागेपेक्षा जास्त घटली, सहा टक्क्यांपर्यंत. माणसं तीच, चालणं तेवढंच.

मुलांचं आणखी वेगळं आहे, कारण त्यांची फुफ्फुसं अजून वाढत असतात. दक्षिण कॅलिफोर्नियात साडेतीन हजारांहून अधिक मुलांची फुफ्फुसं दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तपासत राहिले. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची फुफ्फुसं, दीड किलोमीटरहून लांब राहणाऱ्या मुलांच्या तुलनेत कमी वाढली. मात्र त्याच भागात पुढे गाड्यांचे आणि इंधनाचे नियम कडक झाले, हवा सुधारली, आणि पंधराव्या वर्षी फुफ्फुसाची क्षमता फारच कमी असलेल्या मुलांचं प्रमाण जवळजवळ 8 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. त्या मुलांना कुणी वेगळं औषध दिलेलं नव्हतं. मला ही गोष्ट पालकांना सांगायला आवडते, कारण “आता काय, शहरात राहायचं म्हणजे हे आलंच” हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकते, आणि ते मला मान्य नाही.

आपल्याकडेही 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा इंधन आलं, डिझेलमधलं गंधक दशलक्षात 50 भागांवरून 10 वर आलं. चांगलं झालं. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच, पीयूसी कशी काढली जाते हे आपण सगळे जाणतो, आणि गाडी कितीही नवी असली तरी ब्रेकची आणि टायरची झीज हवेत मिसळतेच. म्हणून मी बसच्या बाजूची आहे. दहा मिनिटांनी नक्की येणारी बस मिळाली तर माझे निम्मे पेशंट स्कूटर घरी ठेवतील, असं ते स्वतःच सांगतात.

आता आपल्या हातातलं. पुण्यात मुली तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळून गाडी चालवतात. उन्हासाठी, धुळीसाठी ठीक आहे. धुरातले सूक्ष्म कण त्यातून आरपार जातात. चेहऱ्याला नीट चिकटून बसणारा एन-95 मास्क कण अडवतो, वायू मात्र तोही अडवत नाही. मोठ्या रस्त्याऐवजी समांतर गल्ली असेल तर ती धरा, चार मिनिटं जास्त लागली तरी. कर्वे रस्त्याच्या फुटपाथवरून भराभर चालण्यापेक्षा टेकडीवर जा, आणि थंडीत पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर जा. चारचाकीत असाल तर चौकात बाहेरची हवा बंद करणारं बटण दाबा, पण लांबच्या प्रवासात ते अधूनमधून उघडा. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी गाडी सुरू ठेवून उभं राहू नका. लहान मुलाचं तोंड सायलेन्सरच्या किती जवळ असतं, एकदा वाकून बघा.

आणि ज्यांना दमा आहे त्यांनी रोजचा पंप मनानं बंद करू नये. “पंपाची सवय लागते” हे साफ चूक आहे. माझ्याकडे येणारे एक रिक्षावाले काका घरी पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणाऱ्या छोट्या यंत्रात, सकाळ-संध्याकाळ तीन फुंकर मारतात, त्यातला मोठा आकडा वहीत लिहितात. संध्याकाळचा आकडा पडायला लागला की त्यांना खोकला सुरू होण्याआधीच कळतं, आणि ते वेळेत येतात.

लंडनच्याच लुइशम भागात एला अडू-किस्सी-डेब्रा नावाची मुलगी राहायची, साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्याला लागूनच. दम्याच्या झटक्यांनी तिला पुन्हा पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं. 2013 च्या फेब्रुवारीत ती गेली, नऊ वर्षांची होती. तिची आई रोझामंड लढत राहिली, आणि डिसेंबर 2020 मध्ये दुसऱ्या चौकशीत निकाल लागला की या मृत्यूला प्रदूषित हवाही कारणीभूत आहे. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुढे काही गोष्टी नोंदवल्या, त्यातल्या दोन सांगते. कायद्यातली कणांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेइतकी खाली आणावी, ही एक. आपल्याकडे अडीच मायक्रॉनच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटर हवेत 40 मायक्रोग्रॅम आहे. संघटनेची 2021 पासून 5 आहे. दुसरी गोष्ट माझ्या व्यवसायाला उद्देशून होती: हवेचा धोका डॉक्टर आणि परिचारिका रुग्णांना पुरेसा सांगत नाहीत.

म्हणून श्रोतेहो, खोकला किंवा धाप घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा कुणी विचारलं नाही तरी सांगा, की घराची खिडकी कुठल्या रस्त्यावर उघडते, दुकान चौकात आहे का, दिवसातले किती तास रहदारीत जातात, आणि गावी गेल्यावर त्रास कमी होतो का. आणि हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. नमस्कार.